ध्येय हरले तरी पक्ष जिंकला: मगोच्या बदलत्या भूमिका

कुळागर (धागाकर्ता)

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळा ठेवायचा, एवढाच प्रश्न मतदारांपुढे होता. विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेशाला दोन पाने अशी चिन्हे दिलेली होती. फुलावर १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांवर १,७२,१९१. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) १९६३ साली ज्या मागणीसाठी स्थापन झाला आणि जी त्याच्या नावातच कोरलेली होती, ती मागणी ३४,०२१ मतांच्या फरकाने फेटाळली गेली. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत, म्हणजे मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि गोव्याच्या मतदारांनी त्याच पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले.

पक्षांच्या विचारसरणी कशा बदलत जातात यावर इथे अधूनमधून चर्चा रंगते आणि तीत काँग्रेसचा समाजवाद स्वीकारणाऱ्या आवडी अधिवेशनापासून १९९१ च्या उदारीकरणापर्यंतचा प्रवास, किंवा भाजपने १९८० साली अंगीकारलेला आणि पुढे गुंडाळून ठेवलेला गांधीवादी समाजवाद, हीच उदाहरणे फिरून फिरून येतात. या मोठ्या पक्षांच्या बाबतीत मूळ ध्येय नेमके कधी सुटले, हे कोणालाच बोट ठेवून सांगता येत नाही आणि त्यामुळे वाद वर्षानुवर्षे चालू राहतो. मगोच्या बाबतीत मात्र दिवस ठाऊक आहे, मतमोजणी उपलब्ध आहे आणि पुढची जवळजवळ साठ वर्षेही आपल्यासमोर आहेत. म्हणून हा धागा मगोपुरताच ठेवावा अशी विनंती.

माझे म्हणणे असे, की मगोचे कार्यक्रम दोन होते. पहिला जाहीर होता: विलीनीकरण. दुसरा कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जागेत घर बांधून राहणारा) आणि गावोगावची मराठी शाळा यांचा होता. तो अमलात आला, पण पक्षाची विचारसरणी म्हणून कधी धडपणे शब्दबद्ध झाला नाही. जानेवारी १९६७ मध्ये हरला तो पहिला कार्यक्रम आणि मार्चमध्ये जिंकला तो दुसरा. पुढे १९७६ पर्यंत हा दुसरा कार्यक्रमही बहुतांशी कायद्यात उतरला आणि त्यानंतर आपण कशासाठी आहोत, हे पक्षाने नव्याने ठरवलेच नाही.

हे समजण्यासाठी १९६१ चा गोवा थोडा डोळ्यांसमोर आणावा लागेल. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख) आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी (नंतर जिंकलेला), असे या भूमीचे दोन भाग पडतात. नव्या काबिजादींत हिंदू बहुजन समाज मोठा होता आणि त्यातले असंख्य शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीत कूळ म्हणून राबत होते. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, देवस्थानाची, कुठे कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची. मुंडकाराची गत याहून बिकट होती. घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले असे, पण घराखालची जागा भाटकाराची असे, आणि त्यामुळे भाटकाराच्या बागेची राखण करण्यापासून त्याच्या घरच्या कार्यात राबण्यापर्यंत कशालाही नाही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नसे, कारण नाही म्हटले तर घर मोडून कुठे जायचे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहत असे. अशा माणसाच्या हाती डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत प्रौढ मताधिकार आला, आणि काँग्रेसला, तीही नेहरूंची काँग्रेस, गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही.

बांदोडकर स्वतः खाणमालक होते. खाणमालकाने कुळांच्या पक्षाचे नेतृत्व करावे यात विसंगती दिसते खरी, पण भाटकार त्या काळी जितका डोळ्यांत सलत होता तितका खाणमालक सलत नव्हता, असे मला वाटते. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला मनमानीपणे काढून टाकण्यावर बंधन आले आणि खंडाला मर्यादा पडली. १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि खरा मोठा पल्ला त्यांच्या कारकिर्दीत गाठला गेला. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले आणि कूळ कायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळ हाच जमिनीचा मालक मानला गेला. तीनच वर्षांनी, एप्रिल १९७९ मध्ये, स्वपक्षीयांच्या बंडामुळे ते सरकार पडले, १९८० च्या निवडणुकीत मगोच्या सात जागा उरल्या आणि मगोचे सरकार त्यानंतर गोव्यात आले नाही.

कसेल त्याला जमीन देणारा पक्ष ती दिल्यानंतर चार वर्षांत सात जागांवर येतो, याची संगती आपण कशी लावता?

दर्यावर्दी

धागा चांगला आहे, पण विलीनीकरण हा जणू वरवरचा झेंडा होता आणि आत सगळा कुळांचा लढा होता, ही मांडणी मला पटत नाही. सासष्टीतल्या माणसाला विचारून पाहा. बांदोडकरांच्या पहिल्या कारकिर्दीत महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आणले गेले, कारभाराचा आणि शाळांचा तोंडवळा मराठी होऊ लागला, आणि आपले घर आपल्या हातून जाते आहे ही भीती लोकांच्या मनात त्यातूनच पक्की झाली. ज्यांनी दोन पानांवर मत दिले त्यांच्या लेखी विलीनीकरण हाच मगोचा कार्यक्रम होता आणि तो पूर्ण गांभीर्याने राबवला जात होता.

दुसरे असे, की दोन पानांची मते केवळ ख्रिस्ती समाजाची होती हा महाराष्ट्रात रूढ झालेला समज खरा मानला तर आकडे जुळत नाहीत. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या अल्पसंख्य होती. चौपन्न टक्के मते तेवढ्यावर येत नाहीत. हिंदू मतदारांचा एक लक्षणीय भाग विलीनीकरणाच्या विरोधात गेला आणि त्यात मडगावच्या 'राष्ट्रमत' या दैनिकाचा मोठा वाटा होता. चंद्रकांत केणी संपादक होते आणि उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. विलीनीकरणाविरुद्धची ही सगळी तोफ मराठी वृत्तपत्रातून, मराठी वाचकांसाठी डागली जात होती, हे महाराष्ट्रातल्या मित्रांना सांगितले की त्यांना क्षणभर खरे वाटत नाही.

आणि विलीनीकरण दुय्यम असते, तर डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांनी सत्ता कशाला सोडली असती?

कुळागर

दर्यावर्दी, राजीनाम्यामागे विरोधकांची मागणी होती. मगोचे सरकार सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असे डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते. बांदोडकरांना विजयाची खात्री होती म्हणून त्यांनी ते मानले. त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. प्रश्न मतदाराचा आहे. मगोचा सरासरी मतदार विलीनीकरणाकडे कसा पाहत होता? माझ्या समजुतीप्रमाणे भाटकाराच्या आणि पणजी-मडगावच्या प्रतिष्ठितांच्या कचाट्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणून तो पाहत होता. गोवा छोटा राहिला तर तीच चार घराणी राज्य करतील, महाराष्ट्रात गेलो तर त्यांचे वजन उरणार नाही, असा हा हिशेब होता. मार्च १९६७ मध्ये त्याच्या लक्षात आले, की सिंहावर, म्हणजे मगोच्या चिन्हावर, शिक्का मारला तर हे काम विलीनीकरणावाचूनही साधते.

तुम्ही मांडलेला मुद्दा मगोच्या विरोधी मतदाराला लागू पडतो आणि तो मला मान्य आहे. गंमत अशी, की कौल जिंकलेला युनायटेड गोवन्स पक्षही त्यानंतर फार टिकला नाही. १९७२ मध्ये त्याच्या दहा जागा होत्या. १९७७ च्या विधानसभेत तो पक्ष म्हणून दिसत नाही.

अडयार

नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे चेन्नईत आहे, त्यामुळे हा धागा वाचताना द्रमुकची आठवण येणे साहजिक होते. धागाकर्त्यांनी विषय मगोपुरता ठेवायला सांगितले आहे, म्हणून तुलनेपुरतेच लिहितो.

१९६३ मध्ये, म्हणजे मगो जन्माला आला त्याच वर्षी, सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि भारतातून फुटून निघण्याचा प्रचार करणाऱ्याला निवडणूक लढवणे अशक्य झाले. द्रमुकचे घोषित ध्येय स्वतंत्र द्रविडनाडू हे होते. अण्णादुरैंनी ती मागणी उघडपणे सोडली. मात्र त्यांनी जागा रिकामी ठेवली नाही. हिंदीसक्तीचा विरोध होताच. त्याच्या जोडीला राज्यांची स्वायत्तता हा विषय त्यांनी आणि त्यांच्यानंतर करुणानिधींनी असा काही बांधला, की १९६७ मध्ये सत्ता मिळाली, १९६९ मध्ये केंद्र-राज्य संबंधांवर राजमन्नार समिती नेमली गेली आणि १९७४ मध्ये विधानसभेने स्वायत्ततेचा ठराव केला. द्रविडनाडू मागे पडले याचे आज द्रमुकच्या कार्यकर्त्याला दुःख नाही, कारण त्याच्या हाती दुसरे काही दिले गेले आणि ते काय आहे हे त्याला चार वाक्यांत सांगता येते.

मगोने हे का केले नाही? १९६७ नंतर 'गोव्यातील बहुजनांचा पक्ष' असे स्वतःला सरळ म्हणवून घेण्यात काय अडचण होती?

कुळागर

अडयार, तुलना समर्पक आहे. अडचण अशी होती, की द्रमुकचा प्रतिपक्ष दिल्लीत होता. मागणी स्वातंत्र्यावरून स्वायत्ततेवर आली तरी प्रतिपक्ष बदलत नव्हता. मगोपुढे स्वाभाविक पर्याय होता तो गोव्याला पूर्ण राज्याचा दर्जा मागण्याचा, आणि गोव्याचे वेगळेपण ही तर विरोधकांची जागा. त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिल्याखेरीज नवे ध्येय मांडता येत नव्हते. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. त्या दिवशी 'महाराष्ट्रवादी' या नावाला उरलासुरला अर्थही राहिला नाही, पण नाव बदलणे म्हणजे फुलावर शिक्का मारलेल्या एक लाख अडतीस हजार माणसांना तुम्ही चुकलात असे सांगणे होते. ते कोणत्याही पुढाऱ्याला अवघडच गेले असते.

खाजन

मी पेडण्याचा. आमचे घर कुळाचे. आजोबांनी जानेवारीत फुलावर आणि मार्चमध्ये सिंहावर शिक्का मारला होता आणि ही दोन मते वेगळी आहेत असे त्यांना कधी वाटले नाही, एवढे मी ऐकीव माहितीवरून सांगू शकतो. विलीनीकरणाबद्दल ते फारसे बोलत नसत. भाटकाराच्या मुनिमासमोर वहाण काढून उभे राहावे लागे, याबद्दल मात्र पुष्कळ बोलत.

आता धागाकर्त्यांनी विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. आमच्या शेताचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, माझ्यासमोर आहे. कुळाच्या रकान्यात आजोबांचे नाव आहे आणि मालकाच्या रकान्यात अजूनही भाटकाराच्या घराण्याचे. पाचव्या दुरुस्तीने आजोबा मालक मानले गेले हे खरे, पण त्यापुढे मामलेदाराकडे अर्ज करायचा, खरेदीची किंमत ठरवून घ्यायची, ती भरायची आणि मग प्रमाणपत्र मिळवायचे, असा क्रम होता. आजोबांना वाटले, जमीन आपली झाली आहे, कोणी काढत नाही, खंड मागायला कोणी येत नाही, मग कागदाला कशाला धावायचे? गावात अशी घरे कितीतरी आहेत. म्हणजे भीती गेली आणि कागद तसाच राहिला. भीती गेल्यावर सिंहाकडे जाण्याची निकडही गेली. वडिलांनी पुढे ज्याला द्यायचे त्याला मत दिले.

माझी पिढी आणखी पुढे गेली. आम्ही चुलत भावंडे नोकऱ्यांत आहोत, शेत वर्षाआड पडीक असते, आणि मोपाचा विमानतळ झाल्यापासून भोवतालच्या जमिनीचे भाव ऐकून छाती दडपते. कूळ म्हणून मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येऊ नये, असा १९९१ चा कायदा आहे. आजोबांना जो कायदा हवा होता तो जमीन हातून जाऊ नये म्हणून. आमच्यातल्या काहींना आज कायदा अडतो तो ती विकता येत नाही म्हणून. एकाच घरात दोन पिढ्यांत हित असे उलटे झाले असेल, तर पक्षाने नेमके कोणाच्या बाजूने बोलावे?

पक्ष बदलला यापेक्षा पक्षाचा मतदार बदलला असे मी म्हणेन.

जुना वाचक

खाजन यांनी मनातले लिहिले. त्याला फक्त निवडणुकांचा धागा जोडतो, कारण मतदार एका रात्रीत बदलला नाही आणि मगो १९८० मध्ये संपलाही नाही. १९८९ मध्ये चाळीसपैकी अठरा जागा त्याने जिंकल्या. काँग्रेसला वीस होत्या. सत्ता हातातोंडाशी आलेली होती. पुढच्या दीड-दोन वर्षांत जी फाटाफूट झाली, तीत आधी काँग्रेसमधून फुटलेल्यांबरोबर आघाडीचे सरकार आले आणि जानेवारी १९९१ मध्ये मगोतूनच बाहेर पडलेले रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले.

१९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली. तोवर भाजपचा गोव्यात एकही आमदार नव्हता. त्या निवडणुकीत मगोला बारा आणि भाजपला चार जागा मिळाल्या. त्या चारांत पणजीहून मनोहर पर्रीकर आणि मडकईहून श्रीपाद नाईक होते. मडकई म्हणजे फोंडा तालुका, मगोचे माहेरघर. १९९९ मध्ये भाजप दहा आणि मगो चार. २००२ मध्ये भाजप सतरा आणि मगो दोन. ज्या गावांत सिंहाखेरीज दुसरे चिन्ह चालत नसे, तिथे आठ वर्षांत कमळ रुजले.

हे का घडले याचे माझे उत्तर असे, की मगोच्या पायाला बहुजन, मराठी आणि हिंदू असे तीन पदर होते. बहुजनांचा आर्थिक प्रश्न १९७६ नंतर मवाळ झाला. मराठीचा प्रश्न १९८७ नंतर हरत गेला. उरला तो तिसरा पदर, आणि त्याच्यावर हक्क सांगणारा अधिक शिस्तीचा, देशभर पसरलेला पक्ष शेजारी येऊन बसला. मगोने आपल्या हाताने त्याला जागा दिली. मात्र त्यात वैचारिक ओढ किती होती आणि जागावाटपाचा हिशेब किती होता, याची मला शंका आहे, कारण दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, मगोचे रमाकांत खलप उत्तर गोव्यातून लोकसभेवर गेले आणि भाजपविरोधी संयुक्त आघाडीच्या सरकारात कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. महिला आरक्षणाचे त्या वेळचे विधेयक लोकसभेत त्यांनीच मांडले होते. दोन वर्षांच्या अंतराने एकदा भाजपबरोबर आणि एकदा त्याच्या विरोधात, आणि दोन्ही वेळा कार्यकर्त्यांना त्याचे स्पष्टीकरण द्यावेसे कोणाला वाटले नाही.

मधली सुट्टी

जुना वाचक यांनी मराठीचा पदर एका वाक्यात आटोपला, पण पक्षाचे धोरण सर्वांत अधिक पालटले ते तिथेच, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीचा शासकीय कामकाजात वापर करण्याची तरतूद राहिली. मराठीलाही राजभाषेचे स्थान हवे ही मगोची मागणी होती आणि १९८९ च्या त्या अठरा जागांमागे या असंतोषाचा मोठा वाटा होता, असे मी मानते. इथपर्यंत सगळे मूळ पक्षाला साजेसेच होते.

पण १९९० मध्ये, आघाडीच्या सरकारात शिक्षणमंत्री असताना, शशिकला काकोडकरांनी धोरण आणले ते असे, की प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून, म्हणजे प्रादेशिक भाषेतून, शिकवणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान मिळेल. याचा व्यवहारातला परिणाम काय झाला? चर्चसंस्थेच्या बहुसंख्य प्राथमिक शाळा इंग्रजीवरून कोकणीकडे वळल्या. विलीनीकरणवादी बांदोडकरांच्या कन्येच्या निर्णयाने कोकणीला शाळेत जेवढी जागा मिळाली, तेवढी तोवर दुसऱ्या कोणत्याच सरकारी निर्णयाने मिळाली नव्हती. मराठी विरुद्ध कोकणी हा झगडा मागे सरून भारतीय भाषा विरुद्ध इंग्रजी असा तो नव्याने मांडला गेला. माझ्या मते मगोच्या इतिहासातले हे एकमेव खरेखुरे वैचारिक वळण आहे, कारण इथे जुनी भूमिका टाकली नाही, तिला अधिक व्यापक केले आणि कालच्या प्रतिपक्षालाही तीत सामावून घेतले. अडयार यांनी द्रमुकविषयी जे लिहिले, त्याच्या सर्वांत जवळ मगो आला तो इथे.

पुढची कथा फार लांबवत नाही. २०११ मध्ये काँग्रेस सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान दिले, त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि त्याच्या अग्रभागी पुन्हा काकोडकर होत्या. २०१२ मध्ये भाजप आणि मगो युतीने सत्तेवर आले, पण अनुदान चालूच राहिले आणि मगोचे मंत्री मंत्रिमंडळात बसून राहिले. २०१७ ची निवडणूक मगोने सुभाष वेलिंगकरांच्या गोवा सुरक्षा मंचाशी आणि शिवसेनेशी युती करून याच प्रश्नावर भाजपविरुद्ध लढवली, तीन जागा मिळवल्या, आणि निकाल लागताच पर्रीकरांच्या सरकारला पाठिंबा दिला. शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दर्यावर्दी

मधली सुट्टी, १९९० च्या निर्णयाचे श्रेय काकोडकरांना जरूर द्यावे, पण आमच्या बाजूच्या पालकांना तो निर्णय लादलेला वाटला हेही नोंदवून ठेवावे. कोकणी शाळा आली ती देवनागरीतून. घरात आणि चर्चमध्ये रोमी लिपी होती. २०११ मध्ये इंग्रजीसाठी पालक रस्त्यावर उतरले त्याची मुळे तिथे आहेत. मगोने भूमिका व्यापक केली, हे तुमचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे.

मधली सुट्टी

लिपीचा मुद्दा खरा आहे आणि तो राजभाषा कायद्यापासूनच चालत आलेला आहे. तरीही ज्या पक्षाने १९६७ मध्ये कोकणीला मराठीची बोली मानले, त्याच्या नेत्याने तेवीस वर्षांनी तिला मराठीच्या बरोबरीने अनुदानाला पात्र धरावे, हा बदल लहान म्हणता येणार नाही.

कुळागर

मधली सुट्टी यांनी मांडलेला अनुदानाचा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हता आणि त्यामुळे ती अधिक गुंतागुंतीची होते, याचा आनंद आहे. तरी माझा कल अजून जमिनीकडेच राहतो, आणि त्याला कारण २०१४ चे आहे. त्या वर्षी कूळ आणि मुंडकार कायद्यांत दुरुस्त्या झाल्या. प्रकरणे मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे नेण्यात आली आणि कुळांच्या नव्या अर्जांना मुदतीचे कुंपण घालण्यात आले. खाजन यांच्या आजोबांसारख्या, कागद पूर्ण न केलेल्या माणसांवर याचा काय परिणाम होणार होता, हे निराळे सांगायला नको. मामलेदारासमोर माणूस स्वतः उभा राहू शकतो, दिवाणी न्यायालयात वकील लागतो. गोव्यात त्यावर ओरड झाली आणि पुढे प्रकरणे पुन्हा मामलेदारांकडे आली. पण दुरुस्त्या झाल्या त्या वेळी मगो त्या सरकारात भागीदार होता. १९६४, १९७५ आणि १९७६ चे कायदे ज्यांनी केले, त्याच पक्षाच्या नावाने निवडून आलेले मंत्री त्या मंत्रिमंडळात होते. विचारसरणी बदलली असे म्हणायलाही निदान एखादा ठराव, एखादे भाषण, अंतर्गत भांडण तरी लागते. इथे त्यातले काही घडल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि मला खरा बदल दिसतो तो यातच.

मार्च २०१९ मध्ये तीनपैकी दोन आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले आणि उपमुख्यमंत्री सुदिन ढवळीकरांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. २०२२ ची निवडणूक मगोने तृणमूल काँग्रेसच्या साथीने भाजपविरुद्ध लढवली, मडकई आणि मांद्रे या दोन जागा जिंकल्या आणि निकालानंतर भाजपला पाठिंबा दिला.

अडयार

मग आज मगोला मत देणारा माणूस नेमके कशाला मत देतो? चेन्नईत हा प्रश्न द्रमुकच्या मतदाराला विचारला तर तो अर्धा तास बोलेल. हेटाळणीने विचारत नाही, मला खरोखरच समजून घ्यायचे आहे.

जुना वाचक

मडकईत तो सुदिन ढवळीकरांना मत देतो. १९९९ पासून ते तिथून सतत निवडून येत आहेत. रस्ता, पाणी, वीज, देवळाचा मंडप, मुलाची नोकरी, या कामांसाठी त्यांचे दार उघडे असते अशी त्यांच्या समर्थकांची भावना आहे. वयस्कर मतदारांत भाऊंचा (बांदोडकरांचा) पक्ष म्हणून सिंहाला मत देणारेही आहेत आणि त्यांचा मला आदर वाटतो. परंतु याला विचारसरणी म्हणता येईल का, याविषयी तुमच्याइतकाच मीही साशंक आहे.

खाजन

मांद्रे मतदारसंघ आमच्याच तालुक्यात येतो, म्हणून सांगतो. २०२२ मध्ये तिथे मगो जिंकला तेव्हा विलीनीकरण, मराठी किंवा कूळ यांपैकी एकही विषय मी प्रचारात ऐकला नाही. प्रचार झाला तो नोकऱ्यांचा, नळाच्या पाण्याचा आणि बाहेरच्यांना विकल्या जाणाऱ्या डोंगरांचा. यातला शेवटचा विषय खरे तर मगोच्या जुन्या घराण्यातला आहे, कारण जमीन कोणाच्या हाती राहावी हाच तो प्रश्न आहे. फरक एवढाच, की या वेळी विकणाऱ्यांत भाटकार आहेत तसे पूर्वीचे कूळही आहेत, आणि ते बोलून दाखवायला कोणताच पक्ष तयार नाही.

आमच्या उताऱ्याचे काम मी यंदा हाती घेतले आहे. मामलेदार कचेरीत आजोबांच्या वारसांची यादी मागितली आहे, भाटकाराच्या वारसांनाही नोटिसा जायच्या आहेत आणि त्यातले काही पोर्तुगालात आहेत. या कामी मदत कोणाची घ्यावी असे गावात विचारले, तर प्रत्येकाने वेगळ्या पक्षाच्या माणसाचे नाव सांगितले. मगोचे नाव एका म्हाताऱ्यांनी घेतले. कायदा त्यांच्याच सरकारने केला होता, त्यामुळे त्यांना तो ठाऊक असणार, असे त्यांचे म्हणणे होते.